लोडच्या रकान्यातला ५: जुन्या बिलिंग सिस्टिमवर काम करू पाहणाऱ्यांसाठी

मी नाशिकला, अंबडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. वीज कंपन्यांच्या जुन्या सिस्टिम एकत्र करून नव्या सिस्टिमवर नेणं, हे माझं काम. इंजिनिअरिंग संपवून आलेली मुलं विचारतात, "ताई, हे काम घेतलं तर जुन्यातच अडकून पडू का?" मी सांगते, बिनधास्त घ्या. अनेक मोठ्या कंपन्या वापरतात त्या सॅप कंपनीच्या ईसीसी या जुन्या सॉफ्टवेअरचा नेहमीचा सपोर्ट फार तर २०२७ अखेरपर्यंत आहे, त्यामुळे हलवाहलवीचं काम भरपूर आहे. पण मला हे काम आवडतं ते वेगळ्याच कारणासाठी.

माझा पहिला प्रोजेक्ट परराज्यातल्या एका वीज कंपनीचा होता. तीन विभाग आणि तिघांचं बिलिंग वेगवेगळ्या जुन्या सॉफ्टवेअरवर: एक कोबॉलमध्ये, एक ओरॅकल फॉर्म्सवर, एक फॉक्सप्रोमध्ये. फॉक्सप्रोचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१५ मध्येच थांबवला होता, तरी तिथली बिलं दर महिन्याला वेळेवर निघत होती. अशा सिस्टिमला नावं ठेवू नका. कुणीतरी ती जिवापाड सांभाळलेली असते.

माझ्याकडे मॅपिंगचं, म्हणजे जुन्या सिस्टिमचा कुठला रकाना नव्यात कुठे जाणार हे ठरवण्याचं काम आलं. जुन्यात 'लोड', नव्यात 'मंजूर भार'. आकड्याला आकडा जोडला. ओळींची संख्या जुळली, बेरीज जुळली, एकही रकाना रिकामा नव्हता. दुसऱ्या मॉक रनच्या (डेटा हलवण्याच्या रंगीत तालमीच्या) वेळी फॉक्सप्रोवाल्या विभागाचा डेटा सहज चाळत होते. शेतीच्या ग्राहकांपुढे ३, ५, ७.५, १०, पुन्हा ५, पुन्हा ७.५. मधले आकडेच नाहीत. मी दिंडोरीकडची, द्राक्षाच्या मळ्यात वाढलेली. हे आकडे मी लहानपणापासून ऐकत आलेय. हे मोटारींचे एचपी होते! नवी सिस्टिम मात्र त्यांना किलोवॅट समजत होती.

त्या रविवारी घरी गेले तेव्हा विहिरीवरच्या मोटारीची पाटी फडक्याने पुसून पाहिली. ७.५ एचपी, शेजारी ५.५ किलोवॅट. एक एचपी म्हणजे ०.७४६ किलोवॅट. पाच एचपीचा शेतकरी ३.७३ ऐवजी ५ किलोवॅटवर गेला असता, तर भारावर लागणारा स्थिर आकार जवळपास ३४ टक्क्यांनी वाढला असता. तेही हजारो घरांत, एकाच रात्रीत.

तिथल्या बिलिंग सेक्शनच्या ज्येष्ठ क्लार्कना फोन केला. ते म्हणाले, "शेतीचा लोड एचपीतच असतो, मॅडम. सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कुठे लिहिलं नाही." त्यानंतर मी नियमच केला: कोड उघडण्याआधी दोन दिवस बिलिंगच्या माणसांशेजारी बसायचं. जाता आलं नाही तर फोनवर, पण बसायचंच.

ते दोन दिवस फुकट जात नाहीत. मोठ्या ग्राहकाच्या मीटरला १००/५ चा सीटी (जास्त करंट मीटरला मोजता येईल इतका कमी करणारा ट्रान्सफॉर्मर) असेल, तर रीडिंगमधला फरक २० ने गुणावा लागतो, हे तिथेच कळतं. तो गुणक हरवला की ३००० युनिटांचं बिल १५० युनिटांचं होतं. नावं कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये असतील तर नुसता फॉन्ट बदलून भागत नाही. तिथे ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी टाइप होतो, युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य पद्धतीत, तो व्यंजनानंतर साठवला जातो. रफाराचं उलट. जागा बदलल्या नाहीत तर 'शर्मा' ओळखू येत नाहीत. आणि तीन सिस्टिम एकत्र करताना ग्राहक क्रमांक नवा द्यावाच लागला, तरी जुना शोधता येईल असा जपून ठेवा. काउंटरवर माणूस जुनं बिल घेऊनच येतो.

शिकायचं काय? एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, पक्कं हवं. सॅप, जावा वगैरे कंपनी शिकवते. पण घरचं लाइट बिल घेऊन स्थिर आकार, स्लॅब, थकबाकी सगळं कागदावर स्वतः काढून बघा. शेवटची रक्कम जुळेपर्यंत उठू नका.

आम्ही तीन महिने जुनी आणि नवी बिलं समांतर काढली. पैशांचा फरक आला तरी त्यापुढे कारण लिहिलं. मग नवी सिस्टिम सुरू झाली. पहिल्याच बिलिंग सायकलला त्या क्लार्कनी एका शेतकऱ्याच्या बिलाचा फोटो पाठवला. मंजूर भार: ३.७३ किलोवॅट, आणि पुढे कंसात ५ एचपी.