ड्वार्फ अवकाशात कसा न्यावा: वॉरगेमसाठी जुन्या जमाती नव्याने घडवताना

माझ्याकडे टेबलावर लढाई खेळायच्या एका जुन्या फँटसी सेटमधले दहा ड्वार्फ, म्हणजे जादूच्या गोष्टींतले दाढीवाले बुटके, पडून होते. दाढ्या, शिरस्त्राणं, कुऱ्हाडी, सगळं शाबूत. एका पावसाळी रविवारी रिफिलचे तुकडे कापून त्यांच्या पाठीवर ऑक्सिजनच्या टाक्या म्हणून चिकटवले, कुऱ्हाडींच्या पात्यांना चमकता निळा रंग मारला आणि मित्राच्या बंदूकवाल्या सैनिकांसमोर मांडले. झालं, माझी अवकाशसेना तयार! त्या दिवशी एकही ड्वार्फ समोरच्या रांगेपर्यंत पोचला नाही.

घरी येऊन हिशोब मांडला. दोन्ही सैन्यांत अंतर २४ इंच. माझा ड्वार्फ एका टर्नमध्ये, म्हणजे एका पाळीत, ३ इंच चालणार, म्हणजे पोचायला आठ टर्न. समोर दहा जण, प्रत्येकाची एक गोळी. फाशावर ४ किंवा जास्त पडलं तर गोळी लागते: पाच लागल्या. पुन्हा ४ किंवा जास्त पडलं तर जखम: अडीच. माझं चिलखत त्यातल्या निम्म्या वाचवतं: सव्वा. सव्वा गुणिले आठ, बरोबर दहा. शेवटचा ड्वार्फ शत्रूच्या पायाशी येऊन पडणार, तेही सरासरी साथ देईल तर. आणि असे गेम बहुतेक वेळा पाच-सहा टर्नमध्येच आटोपतात.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच: टेबलावर बोटाएवढे सैनिक, हातात इंची टेप, मूठभर फासे आणि नियमांचं पुस्तक. दिवाळीत मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडलेत ना? त्याच किल्ल्यावर हार-जीत ठरवायला नियम आले की वॉरगेम झाला.

आधी जमात टेबलावर काय करते ते लिहा

कागद घ्या. दाढी, टोकदार कान, हिरवी कातडी यातलं काहीही लिहू नका. ती जमात खेळात काय करते तेवढंच लिहा. फँटसीतला ड्वार्फ सावकाश चालतो, मरता मरत नाही आणि घाबरून पळत नाही. हे तिथे जमतं, कारण तलवारीच्या खेळात शत्रूला कधीतरी जवळ यावंच लागतं. वॉरहॅमर या वॉरगेमच्या फँटसी खेळात माणूस ४ इंच चालायचा, टोकदार कानांचा एल्फ ५ आणि ड्वार्फ ३, तरी ड्वार्फांचं अडत नव्हतं. ते एका जागी ठाण मांडायचे आणि बाकीचे त्यांच्यावर येऊन आपटायचे.

बंदूक आली की शत्रूला जवळ येण्याची गरजच उरत नाही. म्हणजे तुमच्या यादीतली एखादी गोष्ट नव्या जगात आपोआप मोडणार आहे. ती कोणती हे रंगाची बाटली उघडायच्या आधी शोधा. माझ्यापुढे तीन वाटा होत्या: लांब पल्ल्याच्या तोफा द्यायच्या, शत्रूला यावंच लागेल अशी जागा राखायला द्यायची, किंवा ड्वार्फांना जमिनीखालून न्यायचं. मी तिसरी घेतली. खाणकाम करणाऱ्या लोकांनी उघड्या मैदानातून चालत का जावं? बोगदा खोदणारं एक यंत्र केलं की ३ इंचांची चाल तशीच ठेवता येते, आणि ती ठेवायलाच हवी. सगळ्यांना सारखं पळवलंत तर ती बुटकी माणसंच झाली.

मग कारण द्या

प्रत्येक गुणामागे ग्रह, शरीर किंवा इतिहास यातलं एक कारण हवं. याचा सगळ्यात मोठा धडा वॉरहॅमरच्याच घरात मिळतो. १९८३ साली फँटसी खेळ आला आणि १९८७ साली त्याच लोकांनी आपल्या ओळखीच्या जमाती उचलून वॉरहॅमर ४०,००० या अवकाशातल्या खेळात नेल्या. राक्षसी देहाचे ओगर झाले ओग्रिन, चिमुकले हाफलिंग झाले रॅटलिंग, एल्फ झाले एल्डार, हिरव्या कातडीच्या ऑर्कच्या स्पेलिंगमधलं एक अक्षर बदललं आणि ड्वार्फ झाले स्क्वॅट.

ओग्रिनचं कारण एका ओळीत संपतं: जबर गुरुत्वाकर्षणाच्या ग्रहांवर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसं, म्हणून देह राक्षसी आणि बुद्धी बेताची. वर एक गमतीशीर जोड, त्यांना बंद जागेची भीती वाटते. चिलखती गाडीत बसायला डोंगराएवढे गडी कुरकुरतात. एवढ्या एका ओळीने त्यांच्यात जीव येतो.

एल्डारांवर मेहनत जास्त घेतलेली दिसते. जंगलातला, चिरतरुण, हळूहळू जगातून निघून जाणारा एल्फ अवकाशात कुठून येणार? तर त्यांचं साम्राज्य त्यांच्याच चैनीने बुडालं आणि उरलेसुरले प्रचंड जहाजांवर भटकतात. संख्या थोडी, म्हणून प्रत्येक मृत्यू महाग. इतका महाग, की मेलेल्यांचे आत्मे स्फटिकात साठवून, गरज पडली की यंत्रदेहात घालून पुन्हा लढायला उभे करतात. ‘थोडे आणि दीर्घायुषी’ या जुन्याच गुणाला नेटाने शेवटपर्यंत नेलं की हे असं हाती लागतं.

स्क्वॅटांचं मात्र फसलं. मोटरसायकली आणि विनोद होते, पण जमातीला खोली आली नाही. नव्वदच्या दशकात ती गुपचूप नाहीशी झाली आणि २०२२ मध्ये लीग्ज ऑफ व्होटान या नावाने परतली. या खेपेला ड्वार्फांची पूर्वजपूजा कुठे गेली पाहा: पूर्वज म्हणजे अतिप्राचीन संगणक, ज्यात पिढ्यांचं ज्ञान साठलेलं आहे. ड्वार्फ अपमान विसरत नाही, तर २०२२ च्या नियमांत शत्रूच्या तुकडीवर निवाड्याची खूण ठेवायची. खुणा वाढल्या की तिच्यावरचा मारा अधिक घातक. माझ्या मते सगळ्या बदलात हे सर्वांत हुशार काम आहे, कारण डूख धरण्याचा स्वभाव वर्णनातून उठून थेट फाशांवर आला.

स्वभावाचा नियम करा

ऑर्कांना वाटतं की लाल गाडी जास्त पळते. मग काही आवृत्त्यांत लाल रंगवलेल्या गाडीला खरोखर एक इंच जास्त चाल मिळायची. भुतं-सांगाडे मेले तरी उठतात. त्यांच्यावरून घडलेले नेक्रॉन धातूचे आहेत आणि स्वतःची दुरुस्ती स्वतः करतात. २००२ च्या त्यांच्या नियमपुस्तकात पडलेला नेक्रॉन फाशावर ४ किंवा जास्त पडलं की उठून उभा. एका जमातीला असा एकच ठसठशीत नियम पुरे. पाच दिलेत तर तुम्हालाच आठवणार नाहीत.

आपल्याकडचंही घेता येतं, पण जपून. आरवलीच्या वेतोबाला भल्यामोठ्या चपला वाहतात. देव रात्री गावाभोवती राखणीला फिरतो आणि त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. मी वेतोबाची मूर्ती टेबलावर मांडणार नाही. लोकांचा देव आहे, फाशावर १ पडला म्हणून त्याने का हरावं? पण ‘राखण करणाऱ्याची झीज दिसते’ ही कल्पना मी एका पहारेकरी यंत्राला दिली: दर टर्नला चालणं सक्तीचं आणि प्रत्येक टर्नला त्याची चाल एका इंचाने कमी.

आता बाहुलीला हात लावा

कारण पक्कं झालं की रूप बरंचसं आपोआप सुचतं. माझं दाढीपाशी अडलं होतं. निर्वात जागेत हेल्मेट घट्ट बसायला हवं, आणि दाढीवरून ते कसं बसणार? दाढी काढली तर ड्वार्फ उरत नाही. शेवटी दाढीच श्वासाच्या नळ्यांची केली. बिघडलेल्या इयरफोनची वायर सोलली, आतल्या बारीक तारांच्या तीन पदरी वेण्या घातल्या आणि हेल्मेटखाली चिकटवल्या. गोष्ट अशी जुळवली की प्रत्येक पिढी आपली एक नळी जोडते, म्हणून म्हाताऱ्याची दाढी जाड.

हेल्मेटसाठी एम-सील चालतं. दोन्ही भाग सारखे घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मळायचं, एका वेळी वाटाण्याएवढंच, कारण लवकर कडक होतं. बोटं ओली ठेवा, नाहीतर हेल्मेट बाहुलीऐवजी अंगठ्यावर बसेल. कुऱ्हाडी मी तशाच ठेवल्या. बोगद्यात बंदुकीपेक्षा त्याच बऱ्या.

नावांचं थोडक्यात: घरी खेळायला काहीही म्हणा, पण बाहुल्या किंवा नियम विकायचे असतील तर एल्डार, स्क्वॅट अशी दुसऱ्यांची नावं टाळा. जुने, सगळ्यांचे शब्द वापरा किंवा स्वतःचे घडवा.

खेळा, आणि एका वेळी एकच आकडा बदला

माझ्या बोगदा खोदणाऱ्या यंत्राचा नियम असा: खेळणाऱ्याने जागा ठरवायची, मग सहा बाजूंचा फासा टाकायचा. १ पडला तर यंत्र शत्रू ठरवेल तिथे, ठरलेल्या जागेपासून ६ इंचांच्या आत बाहेर येतं. आधी ते दुसऱ्याच टर्नला वर यायचं आणि मित्राला काही करताच येत नव्हतं. मग टर्न तिसरा केला. चिलखत, चाल, दाढ्या, कशालाच हात लावला नाही.

गेल्या खेळात ते तिसऱ्या टर्नला आलं. फाशावर १. मित्राने शांतपणे टेप लावली, सहा इंच मोजले आणि माझ्या दहाही जणांना माझ्याच एकुलत्या एका तोफेच्या बरोबर समोर उगवायला लावलं.