सहावी-सातवीच्या पोरांना भीतीदायक डिस्टोपियन (म्हणजे भविष्यातल्या बिघडलेल्या जगाची) कादंबरी सुचवताय? या चुका टाळा

"काहीतरी भारी आणि थोडं भीतीदायक सांग ना" असं पोरांनी विचारलं की बहुतेक जण डोळे झाकून हंगर गेम्स सांगून मोकळे होतात. पुस्तक मस्तच आहे, वाद नाही, पण त्यात 24 मुलं एकमेकांना मारायला मैदानात सोडलीयेत, त्यातली काही फक्त 12 वर्षांची, आणि आपल्यासमोरचं पोरगं अजून रात्री बाथरूमला जाताना आईला उठवतंय. आठवीतल्याला खुशाल द्या. लहान असेल तर आधी विचारा, बाबा रे तुला भीती कशाची वाटते, रक्ताची, अंधाराची, की मोठी माणसं आपल्यापासून काहीतरी लपवतायत याची? मुलं बरोब्बर सांगतात, आणि मागच्या कव्हरवरच्या वयापेक्षा हे उत्तर जास्त कामाचं.

अंधार आवडणाऱ्यांना मी कायम जीन ड्यूप्रोंचं द सिटी ऑफ एम्बर (2003) सांगते. आकाशच नसलेलं शहर, दिवे गेले की मिट्ट काळोख, आणि हल्ली ते सारखे जातायत, गोदामातले डबे संपत आलेत, हातात धरून न्यायचा दिवा म्हणजे काय हे कुणालाच माहीत नाही. 12 व्या वर्षी शाळा संपली की मेयरच्या पिशवीतून चिठ्ठी काढायची, निघेल ती नोकरी करायची. गोष्टीतल्या लीनाला एक जुना कागद सापडतो पण तो तिच्या धाकट्या बहिणीने चावून चोथा केलेला, आणि उरलेली तुटकी अक्षरं पुस्तकात तशीच छापलीयेत, तिथे पोरं हमखास पेन्सिल घेऊन बसतात.

दुसरी चूक, पुस्तक बारीक आहे आणि बक्षीस मिळालंय म्हणजे सेफ असणार. लोईस लाउरींचं द गिव्हर, 1994 चं न्यूबेरी मेडल (मुलांच्या पुस्तकांसाठीचं अमेरिकेतलं मोठं बक्षीस), वरवर सगळं शांत, सगळे गोड बोलतात. देण्याआधी 19 वं प्रकरण स्वतः वाचा. हिरोचे बाबा तिथे किती लाडाने बोलत असतात, तेच सगळ्यात भयानक आहे. हळव्या पोराला हे एकट्याने रात्री वाचायला देऊ नका, तेवढं प्रकरण सोबत बसून वाचा.

सीरिजचा सगळा सेट एकदम घ्यायचा मोह पण आवरा. एम्बरचं तिसरं पुस्तक बरंच आधीच्या काळातलं आहे, लीना आणि तिचा जोडीदार डून त्यात नाहीतच, गिव्हरनंतरचं पुस्तक तर वेगळ्याच मुलीची गोष्ट, मग पोरं वैतागून सीरिजच सोडतात. एम्बरचं पहिल्या-दुसऱ्यावरून सरळ चौथं दिलं तरी चालतं.

आणि प्लीज, "यातून तुला समाज कळेल" म्हणू नका हो, पुस्तक तिथेच मेलं. एकच सीन सांगा आणि गप्प बसा. उदाहरणार्थ अमंग द हिडन हे पुस्तक: तिसरं मूल जन्माला घालणं बेकायदा, म्हणून 12 वर्षांचा ल्यूक घरात लपून राहतो, आणि एक दिवस माळ्यावरच्या झरोक्यातून त्याला समोरच्या घराच्या खिडकीत एक चेहरा दिसतो, आणि त्या घरात दोन मुलं आधीच आहेत. बास, पुढे एक शब्द नाही.

अर्ध्यात सोडलं तर मागे लागू नका, पण कुठल्या पानावर सोडलं ते बघा. सुरुवातीलाच सोडलं असेल तर कंटाळा आलाय, वेगवान काहीतरी द्या. ऐन रंगात आल्यावर सोडलं असेल तर बहुधा घाबरलंय, शेवटी ते पात्र वाचतं की नाही एवढं सांगून टाका, बरीच पोरं मग पुन्हा उचलतात.