बाळाच्या जांघेतलं लाल पुरळ: आमचं कुठे चुकत होतं

बाळ २२ दिवसांचं असताना जांघेत लाल झालं, आम्हाला वाटलं डायपरमुळे असेल, म्हणून झिंक ऑक्साइडवालं क्रीम लावत बसलो आणि माझी आई वरून पावडर टाकायची, ४ दिवस झाले तरी उतरायचं नाव नाही, उलट लाली वाढतच गेली. मग डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बघताक्षणी सांगितलं, कॅन्डिडा आहे, म्हणजे फंगल. नुसत्या ओल्या डायपरने होणारं रॅश बहुतेक वेळा घड्यांच्या आत जात नाही, हे मात्र घडीत खोलवर गडद लाल होतं आणि कडेला सुटे सुटे बारीक दाणे होते, तीच खूण. मग त्यांनी तोंड उघडून बघितलं तर जिभेवर आणि गालाच्या आत पांढरे डाग, जे आम्ही दूध समजत होतो! दूध पुसलं की जातं, हे जात नाही.

जांघेत क्लोट्रिमाझोल क्रीम दिवसातून २ वेळा, तोंडात वेगळे थेंब, आणि दूध पाजताना मला टोचायचं म्हणून मलाही क्रीम दिलं, नाहीतर एकमेकांना परत परत होत राहतं म्हणे. पावडर बंद, दिवसभर सुती लंगोट, आणि रोज थोडा वेळ उघडंच ठेवायचं (दुपटी किती धुतली विचारू नका). ३ दिवसांत फरक दिसला, पण क्रीम सांगितलेले दिवस पूर्ण लावलं.

शेजारच्या काकूंनी त्यांची खाजेची ट्यूब देऊ केलेली, त्यात स्टेरॉइड निघालं, त्याने फंगल उलट वाढू शकतं, लावली नाही ते बरंच झालं.