पगार सोडून कमिशनवर जाण्याआधी

सोलापुरात टॉवेल, चादरी किंवा गणवेशांच्या कारखान्यात विक्रीचे काम पाहणाऱ्या माणसाला कधी ना कधी वाटतेच की, गिऱ्हाइके आपण सांभाळतो, मालाची पारख आपल्याला आहे, मग ठरावीक पगारावर का राहावे. मीही याच विचाराने अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील नोकरी सोडली आणि कमिशनवर गणवेश विकू लागलो. तो निर्णय मला आजही योग्य वाटतो. मात्र कमिशन नेमके केव्हा देय होते, हे मी आधी विचारले नव्हते आणि त्यापायी घरच्यांना पहिले वर्ष फार ओढाताणीत काढावे लागले.

कमिशन ऑर्डर मिळाल्यावर धरायचे, माल रवाना झाल्यावर, की दुकानदाराकडून पैसे वसूल झाल्यावर, यांत कित्येक महिन्यांचे अंतर पडू शकते. महाराष्ट्रातील शाळा जूनच्या मध्यास उघडतात आणि कर्नाटकातील त्याआधीच. त्यामुळे विजयपूर किंवा कलबुर्गीच्या दुकानदाराला नमुने हिवाळ्यातच दाखवावे लागतात, माल मेच्या अखेरीपर्यंत पोहोचवावा लागतो आणि तो पैसे देतो ते हंगाम उरकल्यावर. जानेवारीत भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास घेतलेल्या ऑर्डरचे कमिशन हाती यायला श्रावण उजाडतो. म्हणून घरखर्चासाठी किती महिन्यांची शिल्लक ठेवावी, हे ऑर्डरपासून वसुलीपर्यंतचा काळ मोजून ठरवावे आणि त्यावर आणखी दोन महिने धरावेत.

कारखानदाराशी करार लेखीच करावा. ओळखीच्या माणसाकडे कागद मागणे आपल्याकडे अविश्वासाचे समजले जाते, परंतु माझ्या पहिल्या मालकांशी माझे संबंध बिघडले ते कागद नसल्यामुळेच. कमिशनचा दर कोणत्या रकमेवर लागू होतो, परत आलेल्या मालाचे कमिशन कापले जाईल काय, आपण जोडून दिलेल्या दुकानदाराने पुढची ऑर्डर थेट कारखान्याला दिली तर आपला हक्क राहतो काय, आणि आपण काम थांबवल्यावर आधीच्या ऑर्डरींचे पैसे कसे मिळतील, हे त्यात स्पष्ट असावे. बुडीत उधारीचा भार मात्र दोन-तीन टक्के कमिशनवर काम करणाऱ्याने कधीही अंगावर घेऊ नये, कारण एक मोठी पार्टी बुडाली तर सबंध वर्षाची कमाई जाते.

त्यानंतर गणित मांडावे. समजा, घराला दरमहा २४,००० रुपये लागतात आणि प्रवास, फोन व नमुन्यांवर ६,००० खर्च होतात. तर ३ टक्के दराने महिन्याला १० लाख रुपयांची विक्री, तीही वसूल झालेली, व्हायला हवी. नोकरीत असतानाच माहितीच्या दुकानदारांची यादी करून हा आकडा गाठता येईल का, ते प्रामाणिकपणे तपासावे. तो निम्म्यावरही जात नसेल तर आणखी वर्षभर थांबावे. कन्नड व तेलुगू बोलता येणाऱ्या सोलापूरकराला ही यादी सीमेपलीकडे वाढवणे तुलनेने सोपे जाते आणि हे भांडवल कमी लेखू नये.

राजीनाम्याची तारीख ठरवताना नोकरीतील देणी पाहावीत. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी सलग ५ वर्षे लागतात आणि भविष्य निर्वाह निधीच्या निवृत्तिवेतनासाठी १० वर्षांची सेवा लागते. त्यात थोडेच महिने कमी पडत असतील तर ते पूर्ण करूनच निघावे. ईएसआयसीचे (कामगार राज्य विम्याचे) किंवा कंपनीच्या गटविम्याचे संरक्षण पुढे राहत नाही आणि नव्या आरोग्य विम्यात आधीपासूनच्या आजारांना प्रतीक्षाकाळ असतो, म्हणून कुटुंबाची पॉलिसी नोकरीत असतानाच घ्यावी. गृहकर्ज घ्यायचे असल्यास तेही पगाराची स्लिप हाती असतानाच घेणे सोयीचे, कारण पुढे बँका मागील दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे पाहतात.

करांबाबत थोडक्यात सांगायचे तर, बिल कारखाना दुकानदाराच्या नावे थेट फाडत असेल आणि आपण केवळ सौदा जुळवत असू, तर जीएसटीसाठी आपली उलाढाल म्हणजे आपले कमिशन, मालाची किंमत नव्हे. वर्षाकाठी २० लाखांपर्यंत नोंदणी सहसा लागत नाही. परंतु कारखान्याचा एजंट म्हणून स्वतःच्या नावाने बिल देऊन त्याचा माल विकल्यास ही सवलत मिळत नाही. कमिशन टीडीएस (आधीच कापलेला आयकर) वजा होऊन हाती आले, तरी वहीत कापण्यापूर्वीची पूर्ण रक्कम लिहावी, म्हणजे विवरणपत्र भरताना कापलेला कर सुटत नाही.

गणवेशाच्या कामात उतरायचे असेल, तर दिवाळीचा बोनस हाती पडल्यावर राजीनामा द्यावा. नोटिशीचा महिना संपतो तोवर डिसेंबर लागतो, आणि नमुन्यांची बॅग घेऊन कलबुर्गीची गाडी धरण्याची वेळ तीच असते.