खांद्यातलं बायसेप्सचं ऑपरेशन: या चुका टाळा

"कापून सोडलेलं बरं की जोडलेलं?" हे मला पेशंटपेक्षा त्याचा मेहुणा जास्त विचारतो. आधी थोडक्यात समजून घ्या. बायसेप्स म्हणजे दंडाचा पुढचा स्नायू. त्याला वरच्या बाजूला दोन टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारे दोर, असतात. आखूड टेंडन बहुतेक वेळा शाबूत असतं. त्रास देतं ते लांब टेंडन, कारण दंडाच्या हाडाच्या खोबणीतून चढून ते थेट सांध्यात शिरतं. तिथे ते घासतं, सुजतं, खोबणीतून घसरतं. टेनोटॉमीत ते वरून कापून मोकळं सोडतात. टेनोडेसिसमध्ये कापून दंडाच्या हाडाला स्क्रूनं किंवा अँकरनं (दोरे लावलेल्या छोट्या खुंटीनं) बसवतात.

जळगावात फिजिओथेरपी करताना सगळ्यात जास्त भेटणारा गैरसमज म्हणजे टेनोडेसिस भारी आणि टेनोटॉमी गरिबाची. दुखणं दोन्हींनी साधारण सारखंच कमी होतं. टेनोटॉमीनंतर काहींच्या दंडाचा गोळा खाली सरकून कार्टूनमधल्या पॉपायसारखा दिसतो, जोराच्या कामानंतर पेटके येऊ शकतात, तळहात वर वळवायची ताकद थोडी घटते. सत्तरीतल्या, अंगात सदरा घालून ओट्यावर बसणाऱ्या आजोबांना त्यातलं काय अडणार आहे? उलट त्यांचा हात लवकर मोकळा होतो. पस्तिशीतल्या हमालाचं किंवा पैलवानाचं गणित वेगळं, त्याला टेनोडेसिसच शोभतं. पण एका अटीवर, आणि ती अट कुणीच कान देऊन ऐकत नाही.

अट अशी की बसवलेलं टेंडन हाडाला धरेपर्यंत, म्हणजे साधारण ६ आठवडे, बायसेप्सला स्वतःहून जोर लावू द्यायचा नाही. स्क्रू तोवर नुसता धरून ठेवतो, खरा जोड शरीरालाच करायचा असतो. चोपड्याकडचे एक केळीवाले शेतकरी होते. ऑपरेशन छान झालं होतं. चौथ्या आठवड्यात दुखणं गेलं, तसा हात अडकवायचा गळ्यातला पट्टाही गेला. घडाला हात लावायचा नाही हे त्यांनी इमानदारीनं पाळलं. पण ठिबकच्या फिल्टरजवळचा जाम झालेला व्हॉल्व्ह बंद करायला उजव्या हातानं पिळला. खट् आवाज झाला, आणि दुसऱ्या दिवशी दंडात खाली गोळा आणि काळंनिळं. माझ्यासमोर बसून एकच पालुपद: "वजन उचलंच नही मी!"

खरंच उचललं नव्हतं. पण कोपर वाकवण्याइतकंच, किंबहुना त्याहून मोठं, बायसेप्सचं काम म्हणजे तळहात वर वळवणं. व्हॉल्व्ह, पेचकस, कपडे पिळणं, घट्ट बरणीचं झाकण, सगळं त्यात आलं. सर्जननी पुन्हा उघडायला नको म्हटलं. पुढे दुखणं थांबलं, गोळा मात्र तसाच राहिला. म्हणजे पैसे टेनोडेसिसचे भरले आणि घरी आली टेनोटॉमी.

तेव्हापासून मी "वजन उचलू नका" एवढंच सांगून थांबत नाही. पहिल्याच दिवशी पट्ट्यावर स्केचपेननं सुटायची तारीख लिहितो आणि बायकोला किंवा मुलाला आत बोलावून सगळं त्यांच्यासमोर सांगतो. कोपर आखडू नये म्हणून दुसऱ्या हातानं धरून वाकवायचं, सरळ करायचं, मूठ उघडझाप करायची. जड काम तीन महिन्यांनंतरच, तेही सर्जनला विचारून. ज्याच्या शेतात ऐन कापणी आहे आणि घरात दुसरा माणूस नाही, त्यानं हे ऑपरेशनआधीच सर्जनला सांगावं. अशा माणसासाठी कधीकधी टेनोटॉमीच शहाणपणाची ठरते. मोबाइलवर व्हिडिओ पाहून तिसऱ्या आठवड्यात डंबेल धरणाऱ्या पोरांना मी आता समजावत बसत नाही, सरळ सर्जनकडे परत पाठवतो.

बाकीच्या चुका पटापट.

टेंडन खोबणीत बसवायचं की छातीच्या स्नायूखाली, यावर सर्जनशी वाद घालू नका. ज्या पद्धतीवर त्यांचा हात बसलाय ती करू द्या.

सोबत रोटेटर कफ (खांदा जागेवर धरणारे स्नायू आणि त्यांचे टेंडन) शिवला असेल, तर वेळापत्रक कफचं चालतं. शेजाऱ्याचा पट्टा पंधरा दिवसांत निघाला म्हणून तुमचा निघणार नाही.

एमआरआयमध्ये टेंडन ठीक दिसलं तरी दुर्बिणीतून खराब निघू शकतं. आत गेल्यावर सर्जननी बेत बदलला तर फसवणूक झाली असं समजू नका. दोन्ही शक्यतांबद्दल आधीच विचारून ठेवा.

तंबाखू, गुटखा, बिडी बंद. निकोटीननं टेंडन जुळायला उशीर होतो. "थोडीशीच" चालत नाही.

साखर वाढलेली असताना ऑपरेशनची घाई नको. मधुमेहात खांदा आखडायचा धोका मुळातच जास्त.

वयस्क माणसाचं वरचं टेंडन आपोआप तुटलं, गोळा आला आणि जुनं दुखणं एकदम कमी झालं, तर बऱ्याचदा ऑपरेशन लागतच नाही. मात्र कोपराजवळचं टेंडन तुटलं असेल तर ती वेगळी गोष्ट आहे. तिथे निर्णय पहिल्या दोन-तीन आठवड्यांत व्हावा लागतो, म्हणून "बघू दिवाळीनंतर" करू नका.

आणि ऑपरेशननंतर कधीही खट् वाजलं, गोळा उतरला, तर त्याच दिवशी सर्जनला फोन करा. आधी मालिशवाल्याकडे जाऊन नंतर माझ्याकडे येणारे अजून संपलेले नाहीत. तेल चोळून टेंडन वर चढत नाही.