सगळं बुडाल्यासारखं वाटतं तेव्हा पहिले काही महिने काय करायचं

हे लिहितोय ते ज्यांचं आज, या घडीला, सगळं कोसळलं आहे त्यांच्यासाठी. धंदा बुडाला असेल, नोकरी गेली असेल, घरातलं माणूस गेलं असेल, किंवा हे सगळं मागोमाग झालं असेल.

माझा नागपुरात, महाल भागात छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका, हँडबिलं, बिलबुकं. २५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली ती ऐन लग्नसराईच्या तोंडावर. छापून, घड्या घालून, पाकिटात भरलेल्या पत्रिकांचे गठ्ठे तसेच पडून राहिले, कारण त्या तारखांना लग्नंच झाली नाहीत. पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत धाकटा भाऊ गेला. मशीन विकली, कर्ज मात्र राहिलं. त्यातून वर येताना मला जे उपयोगी पडलं, आणि नंतर वस्तीतल्या ज्या लोकांजवळ बसलो त्यांना जे उपयोगी पडलं, तेवढंच इथे सांगतो. सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: मदत मागायची, आणि नेमकी मागायची.

आधी आजची रात्र

'आपण नसतो तर बरं झालं असतं' असा विचार घोळत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा. कर्ज, लाज, सोयरेधायरे, सगळं. आज रात्री एकट्यानं राहायचं नाही. घरातल्या ज्या वस्तूची स्वतःलाच भीती वाटते ती शेजाऱ्याकडे ठेवायला द्या. कारण सांगायची गरज नाही, 'काही दिवस तुझ्याकडे राहू दे' एवढं पुरतं.

आणि १४४१६ लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. काय बोलायचं ते सुचत नसेल तर सरळ म्हणा, 'मी नागपूरहून बोलतोय, मला मरणाचे विचार येऊन राहिले आणि मी घरी एकटा आहे.' पुढचं पलीकडचं माणूस विचारत जातं. कुणी स्वतःला इजा केली असेल किंवा करायच्या बेतात असेल तर फोनवर समजूत घालत बसू नका. १०८ ला ॲम्ब्युलन्स बोलवा, नाहीतर जवळच्या सरकारी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत न्या. पोलिसांचं लचांड मागे लागेल म्हणून लोक उशीर करतात. तसं करू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं अशा माणसाला तीव्र ताणाखाली असलेलं मानलं आहे आणि त्याच्यावर उपचार करणं सरकारचं कर्तव्य ठरवलं आहे.

हा विचार येतो तेव्हा शेवटचा आणि पक्का वाटतो. पण तो चढतो तसा उतरतोही. तो उतरेपर्यंत जवळ माणूस हवं, म्हणून हे सगळ्यात आधी सांगितलं.

नेमकं मागा

संकटातल्या माणसाला आपल्याकडे सगळे म्हणतात, 'काही लागलं तर सांगजो.' आपण म्हणतो, 'हो, सांगतो.' दोघंही मनापासून बोलतात आणि पुढे काहीच होत नाही. काय लागेल ते त्याला ठाऊक नसतं, आणि खचलेल्या माणसात ते आठवून सांगायची ताकद नसते. म्हणून डोकं त्यातल्या त्यात शांत असेल अशा वेळी, शक्यतो सकाळी, कागदावर लिहून काढा. 'आधार हवा' असं लिहू नका. 'मंगळवारी सकाळी आठला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात माझ्यासोबत येणारं कुणी' असं लिहा. 'पोरीला महिनाभर शाळेतून घरी आणणारं कुणी.' 'बँकेचा अर्ज लिहून देणारं कुणी.' 'दोन हजार, पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत.' काम, दिवस, वेळ, रक्कम. मग प्रत्येक ओळीपुढे एक नाव.

आमच्याकडे बाइंडिंगला एक काका होते. वयानं माझ्याहून मोठे, पण पगार माझ्या हातून घेणारे, त्यामुळे त्यांच्यापुढे आपलं दुःख काढायचं हे मनातच येत नव्हतं. मशीन न्यायला टेम्पो येणार त्याच्या आदल्या दिवशी मी त्यांना एवढंच म्हटलं, 'काका, उद्या दहाला दुकानात याल का? मशीन जाताना मला एकट्याला पाहवणार नाही.' काका साडेनऊलाच आले. पान्यानं बोल्ट ढिले केले, रोलर एकेक करून काढले, पुसले आणि जुन्या चादरीत गुंडाळले, जणू मशीन विकायची नसून दुसऱ्या गाळ्यात हलवायची होती. टेम्पो गेल्यावर चहा पिताना म्हणाले, 'भाऊ, तुम्ही बोललेच नाही ना इतके दिवस. मले काय सपन पडते?' त्यानंतर ते संध्याकाळी अधूनमधून घरी येऊ लागले. फार बोलायचे नाहीत. पण ते येणार म्हणून मी आंघोळ करून, शर्ट बदलून बसायचो.

एकाच माणसावर सगळं टाकू नका, तो दमतो. कागदपत्रं कळणारा वेगळा असतो, धावपळ करणारा वेगळा, नुसता शेजारी बसून राहू शकणारा वेगळा. तिसरा सगळ्यात दुर्मिळ, त्याला जपा. 'मी तर आधीच म्हणत होतो' असं म्हणणाऱ्याकडे काही दिवस जाऊ नका, तो कितीही जवळचा असला तरी. आणि कुणी नाही म्हटलं तर त्याच माणसाला नंतर काहीतरी लहान मागून पाहा. पैसे देऊ न शकणारे कितीतरी लोक गाडी देतात, डबा देतात, अर्धा दिवस देतात.

देणी वहीत उतरवा

कर्ज रात्री डोक्यात असतं तेव्हा त्याला आकडा नसतो, नुसतं ओझं असतं. मी उरलेल्या पत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून वही शिवली. एका देण्याला एक पान. कुणाचं, मुद्दल किती, व्याज काय ठरलं, कागद आहे की तोंडी, शेवटचं बोलणं कधी झालं आणि काय झालं. ही वही एकट्यानं भरू नका. बायको, नवरा, भाऊ, कुणीतरी सोबत घेऊन बसा. आकडा मोठाच निघेल. पण त्याला शेवट आहे हे डोळ्यांना दिसतं.

आधी घर चालवणारा खर्च: भाडं, किराणा, वीज, औषधं, पोरांची फी. वीजबिल थकलं असेल तर लाइन कापली जाण्याआधी कार्यालयात जाऊन हप्ते पाडून मागा. रेशनकार्डावरचं धान्य उचलायला लाजू नका, तो तुमचा हक्क आहे.

मग बँक आणि फायनान्स कंपन्या. फोन टाळून काही होत नाही. हप्ता कमी करून मुदत वाढवून द्या, असा लेखी अर्ज द्या, परिस्थिती चार ओळीत लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सही घेऊन पोच जपून ठेवा. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ करायची नाही, नातेवाइकांत बेइज्जती करायची नाही, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्ये बजावलेलं आहे. कुणी तसं केलं तर तारीख, वेळ, नंबर त्याच पानावर टिपा आणि बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला पैसे लागत नाहीत, माहितीचा नंबर १४४४८.

सावकाराचा पैसा असेल तर त्याच्याकडे परवाना आहे का ते पाहा. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय व्याजाचा धंदा करता येत नाही. तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात होते. एकट्यानं जायची हिंमत होत नसेल तर सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न न पाहता आणि बाकीच्यांना ठरावीक उत्पन्नाच्या आत असल्यास फुकट वकील मिळतो. अशा फुकट कायदेमदतीचा देशभरचा फोन १५१००. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही कुणी कितीही गोड बोलून मागितली तरी करायची नाही. जुनं फेडायला मोबाइलच्या ॲपवरून नवं कर्ज तर मुळीच नको. त्यातले कितीतरी जण फोनमधले सगळे नंबर उचलतात आणि मग लेकीच्या मास्तरापर्यंत फोन जातात.

हातउसने सगळ्यात जास्त टोचतात, कारण तिथे कागद नसतो, शब्द असतो. अशा माणसाकडे त्याचा फोन यायच्या आधी स्वतः जा. 'तुमचे पैसे बुडणार नाहीत. आत्ता महिन्याला पाचशेच जमतील, दिवाळीनंतर पुन्हा बसू.' जेवढं जमेल तेवढंच बोला. पाचशे सांगून पाचशे पोचवणारा माणूस लोकांच्या मनातून उतरत नाही.

जेवण, झोप, ऊन

भूक मेलेली असते, तरी वेळेला दोन घास वरणभात खा. चहावर दिवस काढू नका. दारूनं झोप लागल्यासारखी वाटते, पण पहाटे तीनला जाग येते आणि तेव्हाचे विचार सगळ्यात काळे असतात.

नागपुरात उन्हाळ्याचा वेगळा विचार करावाच लागतो. पारा पंचेचाळिसाच्या वर गेला, रात्रीही भिंती तापलेल्या, कूलरमधला वुडवूल, म्हणजे पाणी धरून ठेवणारा लाकडाचा कीस, बदलायला पैसे नाहीत, अशात धडधाकट माणसाची झोप उडते. मे महिन्यात कुणी मला विचारलं, 'तुम्हाले काय देऊ?' तर मी म्हणायचो, कूलरचा वुडवूल बदलून दे. झोप मिळाली की अर्धं डोकं जागेवर येतं. नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतल्या, दुपारी मोठे निर्णय घेऊ नका. घर विकायचं, गाव सोडायचं, नातं तोडायचं, हे सगळं पहिल्या पावसापर्यंत थांबू शकतं. पहाटे मात्र घराबाहेर पडा. अंबाझरी तलाव असो, गांधीसागर तलाव असो, नाहीतर आपली गल्ली, पण दुसऱ्या कुणाला सोबत घेऊन.

डॉक्टरकडे कधी जायचं

दोन आठवडे रोज उदास वाटतंय, झोप-जेवण बिघडलंय, कशातच मन लागत नाही, हातून काम होत नाही, तर मनाच्या डॉक्टरला दाखवा. त्याआधी मरणाचे विचार आले तर वाट पाहूच नका. नागपुरात मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत आणि मिहानच्या एम्सला मानसोपचार विभाग आहेत, मानकापूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. सकाळी लवकर जाऊन कार्ड काढा आणि सोबत कुणाला तरी न्या. रांगेतूनच परत फिरावंसं वाटतं, तेव्हा ते माणूस धरून ठेवतं. काय होतंय ते चिठ्ठीवर लिहून न्या, कारण आत गेल्यावर 'बरं आहे' एवढंच तोंडातून निघतं.

गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. पहिल्या आठवड्यात फरक नाही म्हणून सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणूनही मनानं बंद करू नका. भाऊ गेल्याचं दुःख गोळीनं जात नाही, ते जायलाही नको. पण त्या दुःखासकट सकाळी उठता येऊ लागतं.

पोरांना सांगा

लेकरांना सगळं कळतं, फक्त कारण कळत नाही, आणि मग ती स्वतःला दोष देतात. त्यांना वयाप्रमाणे सांगा: दुकान बंद झालं आहे, पैसे कमी आहेत, तुमची शाळा आम्ही पाहतो, यात तुमचं काही चुकलं नाही. एकदा सांगून पुरत नाही.

हाताला काम

मोठी संधी येईल म्हणून थांबू नका. आपल्या धंद्यातल्या माणसांत जाऊन बसा आणि इथेही नेमकं मागा. मी सीताबर्डीतल्या एका छापखान्यात म्हटलं, 'सकाळचे तीन तास प्रूफं वाचून देतो, जे द्यायचं ते द्या.' पैसे थोडेच होते. काही दिवसांनी एका लग्नपत्रिकेत मुलीच्या आजोबांच्या नावाआधी 'कै.' लागलेलं दिसलं. वरची ओळ वाचताना काहीतरी खटकलं म्हणून मी त्या घरी फोन लावला, तर फोन आजोबांनीच उचलला. छापून गेलं असतं तर त्या मांडवात काय झालं असतं! संध्याकाळी मुलीची आई पेढे घेऊन आली. त्या दिवशी घरी जाताना कित्येक महिन्यांनी मला उद्याचा विचार करावासा वाटला. उद्या कोणती पत्रिका येईल, इतकाच. आशा माझ्याकडे अशीच आली, कुणाच्या तरी कामात आपली नजर उपयोगी पडली तेव्हा.

पैसा थोडा हाती येऊ लागला की सगळ्यात लहान हातउसने आधी फेडा आणि ज्याचे पैसे होते त्याची सही घेऊन वहीतलं ते पान त्याच्यासमोर बंद करा.

मधेच पुन्हा वाईट दिवस येतील. वर्षश्राद्ध, दिवाळी, लग्नसराई, बँकेची नोटीस. अशा तारखा आधीच वहीत लिहून ठेवा आणि त्या दिवशी कुणी यायचं ते आठवडाभर अगोदर ठरवून टाका. माझ्या भावाच्या तिथीला बाइंडरकाका सकाळी येतात आणि दुपारच्या जेवणाला थांबतात, हे आमचं आता ठरलेलं आहे.