मोझेलच्या द्राक्षमळ्यातून ग्रॅव्हल सायकल: टायरची बाजू सांभाळा

जर्मनीत कोब्लेंझ ते ट्रियर मोझेल नदीकाठचा सायकल ट्रॅक सपाट आणि बराचसा डांबरी आहे, तिथे कुठलीही सायकल चालते. पण ग्रॅव्हल सायकलची, म्हणजे कच्च्या वाटांसाठीच्या सायकलची, खरी मजा वरच्या द्राक्षमळ्यांच्या वाटांवर. तिथली जमीन म्हणजे स्लेट, आपल्या शाळेतल्या पाटीचाच दगड, दिवसभर तापतो आणि रात्री वेलींना ऊब देतो म्हणून तिथली रीसलिंग ही पांढरी वाइन एवढी नावाजलेली. सायकलवाल्यासाठी मात्र हाच दगड डोकेदुखी, कारण कपच्या ब्लेडसारख्या धारदार असतात आणि टायर खालून नाही, बाजूने फाटतो.

त्यामुळे ४० मिमी किंवा त्याहून रुंद ट्यूबलेस टायर लावा, शक्यतो जाड साइडवॉलचा, म्हणजे जाड बाजूचा. वजन ७० किलोच्या आसपास असेल तर पुढे ३०, मागे ३३ पीएसआयपासून सुरुवात करा आणि मग स्वतःच्या अंदाजाने कमीजास्त. बाजूची चीर सीलंटने, म्हणजे टायरमधल्या भोकं बुजवणाऱ्या द्रवाने, बुजत नाही हो, म्हणून रिकाम्या टूथपेस्टच्या ट्यूबचा बोटभर तुकडा कापून सॅडलबॅगमध्ये ठेवाच, चिरेवर आतून तो लावायचा, मग साधी ट्यूब घालायची, हवा जरा कमीच भरायची आणि गुपचूप खाली नदीकाठी उतरायचं. (माझा तुकडा कोलगेटचा होता, कोखेमचा किल्ला समोर दिसत असताना कामी आला.)

आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षतोडणी असते, तेव्हा मळ्यातल्या बऱ्याच वाटा बंद असतात, वाट बंद असल्याची पाटी दिसली की मागे फिरा, वाद घालू नका. एल्ट्झ किल्ला बघायचा तर मोझेलकर्न गावापासूनची जंगलातली पायवाट चालतच करा.